सातव्या झाडाची सुई

३ जून
सातव्या नारळाची सुई पिवळी! बाकीची पानं हिरवीगार आणि मधलं न उलगडलेलं तेवढंच पिवळं. चढून जरा ओढलं तर अख्खं हातात आलं. बुडाशी नुसता चिखल, आणि असा वास की जेवण गेलं नाही. नारळाला कोंब एकच. तो कुजला की संपलं.

४ जून
सातव्याचं कुजलेलं कोयत्याने खरवडलं, मलम लावलं, वर प्लास्टिक बांधलं. त्याच दमात आठव्यापासून बाराव्यापर्यंतच्या झाडांचे शेंडेही साफ केले. मग हात भरून आले, सहावं राहिलं.
शेतकी ऑफिसातल्या बाई खालून सांगत होत्या — दर झाडानंतर कोयता औषधात बुडवा. चाळीस वर्षं चढतोय मी! बादली घेऊन चढू? बायको म्हणाली, ऐकायला काय जातं. तिलाही झापलं.

५ जून
सकाळीच कोयता पिशवीत टाकून धाकट्या बहिणीकडे. तिची अठरा झाडं, घर त्यांच्यावरच चालतं. रोग यायच्या आधीच सगळे शेंडे साफ करून दिले. एका दिवसात अठरा! जाम दमलो, पण ती खूश. मीही.

१३ जून
सगळं ठीक. उगाच घाबरलो.

२४ जून
आठ, नऊ, दहा. तिन्ही सुया पिवळ्या. शेजाऱ्याकडूनच आलं असणार. कुंपणावरून त्याला चार शब्द सुनावले. त्याची झाडं ठणठणीत!

२७ जून
अकरा आणि बारा. सहाव्याला मात्र काही नाही, आणि ते तर सातव्याला खेटून आहे. मी डोकं धरून बसलो होतो. बायको हळूच म्हणाली, "सहाव्यावर तुम्ही चढला नव्हतात ना?"
तिच्यावर ओरडलो. मग ही वही उघडून ४ तारीख वाचली. ५ तारीखही वाचली.

२८ जून
कोयता उकळत्या पाण्यात घातला. आता! मुठीपाशी अजून तो वास येतो. बहिणीला सांगायला फोन तीनदा उचलला, तीनदा ठेवला. भीती वाटते.

२ जुलै
तिचाच फोन आला. "दादा, पहिल्या झाडाची सुई हातात आली रे. शेतकी ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, माणूस पाठवते, मी नको म्हटलं. तुझ्याशिवाय कुणाला हात लावू देणार नाही मी."
उद्या येतो म्हणालो. कोयत्याचं बोललो नाही.