खोडलेला रकाना

अमरावती, रविवार संध्याकाळ

अकोल्याहून आत्ताच आले. सबाच्या घरी टीव्हीवर त्या फुटबॉलपटूचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना पाहिला, ज्याच्या खेळाचा मी तक्ता केला होता. शिट्टी वाजली आणि तिच्या अब्बूंनी, म्हणजे माझ्या चाचांनी, चष्मा काढून डोळे पुसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, तुया तक्त्यापायी मी याले शिव्या द्याले लागलो होतो. म्हटलं, इंजिनिअर पोरगी चुकन कशी?"

"अब्बू, तुमी तं रेफरीलेबी देता," सबा म्हणाली. सगळे हसले. मीही हसले. का हसले?

माझ्या तक्त्यात त्याचे गोल होते, पास होते, चुका होत्या. चेंडू पायातून गेला की तो दर वेळी जीव तोडून मागे धावायचा, त्याचा रकाना नव्हता. विसरले, असं चाचांना सांगता आलं असतं. पण तेही खोटंच. रकाना आखला होता. पहिल्याच सामन्यात मोजून कंटाळले आणि खोडून टाकला. तरीही खाली निष्कर्ष लिहिला, 'निरुपयोगी', आणि तो चाचांना दाखवला.

आज शेवटच्या मिनिटालाही तो मागे धावला. इतकी वर्षं त्याने तेच केलं. मला खुर्चीत बसून ते मोजणंही जमलं नाही.