लाल, अति उत्तम

बाबा, माझा पाय वाचेल असं डॉक्टर आज म्हणाले. तुम्हाला जो आजार होता तोच मला झालाय. त्याचं नाव मधुमेह, हे तुम्ही गेल्यावर वीस वर्षांनी कळलं.

इथे भिलाईत मी भट्टीवर आहे. वितळलेलं लोखंड कसं उतरलं ते आम्ही रंगावरून ओळखतो. लालबुंद धार आली की बरं वाटतं. दवाखान्यातून मला निळं औषध, काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा मिळाला. औषधात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं, आलेला रंग वहीत लिहायचा आणि पंधरा दिवसांनी दाखवायचा. कोणता रंग चांगला, हे मी विचारलंच नाही. भट्टीवरच्या माणसाने रंगाबद्दल काय विचारायचं? पहिल्या दिवशी हिरवा आला. मी लिहिलं, 'कच्चा.' गुरुवारी उपास सोडताना प्रसादाचा शिरा खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी नळीत विटेसारखा लाल रंग! देवाची कृपा समजून मी रोज शिऱ्याचा नैवेद्य सांगू लागलो. देवाजवळच्या खिडकीत नळी उजेडाला धरून बघतो, तर तुमची सून ओरडते, "देवापुढं मुताची नळी कावून नाचवून राहिले? लाज वाटते का नाही?"

डॉक्टरांनी वही वाचली. 'लाल, उत्तम. लाल, अति उत्तम.' त्यांनी कपाळाला हात लावला. "दादा, ये लोहा नहीं, पेशाब है! लाल मतलब शक्कर ही शक्कर." मग त्यांनी मला बूट काढायला लावले. तळव्याला भाजल्याची जखम, चांगली चिघळलेली. ठिणगी बुटात कधी शिरली, मला पत्ताच नव्हता. रक्तात साखर वाढत गेली की पायाच्या नसा बधिर होतात, जखम दुखत नाही आणि लवकर भरतही नाही, असं त्यांनी समजावलं. फार उशीर झाला तर पाय कापावा लागतो.

तेव्हा तुमच्या टाचेतला बाभळीचा काटा आठवला. आठ दिवस तो घेऊन तुम्ही नांगरामागे चाललात आणि मी गावभर मिरवत होतो, "आमच्या बाबाले काटा लागतच नाही!" त्याच जखमेने तुम्ही गेलात.

हे पत्र पाठवणार तरी कुठे? पण लिहायला बसलोच आहे तर सांगतो. तुम्ही वाळत चाललात, सारखं पाणी मागायचात, तेव्हा ताकद यावी म्हणून त्या पाण्यात गूळ पडायचा. आई घालायची, असंच मी डॉक्टरांना आणि घरी सांगितलं. तो मी घालत होतो, बाबा.