गळतीचा सविस्तर तपशील

८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण शिलाई मशीनपुरतं अजून माझं ऐकतात. भावजयबाईंची पाठ कशी आहे? त्यांना म्हणावं, नणंद अजून जिवंत आहे, अधूनमधून दोन ओळी लिहीत जा.

आता कामाचं. परवाच्या अवकाळी पावसात स्वयंपाकघरावरची दोन कौलं सरकली आहेत आणि ओट्यामागच्या भिंतीवर ओल उतरली आहे. सुतारकाका म्हणतात, अर्ध्या दिवसाचं काम आहे. कौलं बसवायची, पन्हळीतला पाचोळा काढायचा, आढ्यावरचं सिमेंट तडकलंय ते बुजवायचं. आता केलं नाही तर कौलांखालच्या रिपा कुजतील, मग वासे. पण तू त्यांना बजावून ठेवलंयस ना, की तुझ्या परवानगीशिवाय या छपराला कोणी बोट लावायचं नाही! छपरांचा एवढा मोठा कंत्राटदार भाऊ असावा आणि बहिणीनं ओट्यावर पातेलं मांडून बसावं, ही काय तऱ्हा?

आप्पांनी घर तुझ्या नावावर केलं आणि ‘राहण्याजोगं आहे तोवर ताई त्यात राहील’ असं मृत्युपत्रात लिहून ठेवलं. बासष्टाव्या वर्षी मला दुसरं कुठे जायचंय? तेव्हा ते राहण्याजोगं ठेवणं तुझ्याच हाती आहे. परवानगीची एक ओळ पाठव, नाहीतर स्वतः ये. आलास तर जास्त बरं.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तू लहानपणापासूनच घाबरट. भिंतीवर पाल दिसली तरी तुला मगर वाटायची. सुतारकाकांना खुर्चीचा पाय बसवता येतो, छप्पर नाही. पाणी शिरतं एकीकडे, वाशावरून वाहत जातं आणि टपकतं भलतीकडेच. हे ज्याला कळत नाही, तो एक कौल बसवताना चार फोडतो. माझ्या घराला अडाण्याचा हात लागलेला मला खपणार नाही. मी स्वतः येतो.

तोवर काय, कुठे, किती गळतं ते लिहीत राहा. तारीख घालून लिही. तुझं अक्षर चांगलं आहे, वाचायला त्रास होत नाही.

तुझी माया कमी पडू नये, ही इच्छा.
तुझा धाकटा

१२ जून

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू येतो म्हणालास त्याला तीन महिने होत आले. मी दोनदा दाराच्या बिजागरीला तेल घालून ठेवलं, तुला करकर आवडत नाही म्हणून. असो. मोठ्या माणसांना मोठी कामं.

गळतीचं लिहायचं तर, पावसानं आता जोर धरला आहे. ओट्यावरचं पातेलं तासाभरात भरतं. ओल कपाटापर्यंत पोचली आणि कपाटातल्या कापडांना वास लागला. एका मुलीचा लग्नाचा झगा शिवायला आला होता, तो मी शेजारणीकडे नेऊन ठेवला. पन्हळ तुंबली आहे, पाणी भिंतीवरूनच ओघळतं.

मागच्या खेपेला तुझं पत्र चांगलं दोन पानी होतं. सगळं छपराबद्दल होतं, तरी मी ते तीनदा वाचलं. असंच लिहीत जा रे.

लोभ वाढव, कंजूषपणा करू नकोस.
तुझी ताई

३० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी मधली सगळी पत्रं मिळाली. वर्णन छान करतेस, पण मोघम. सामान किती आणायचं याचा अंदाज त्यावरून कसा बांधू? खोलीवार लिही. आणि भीड बाळगू नकोस. घर राहण्यासारखं उरलं नाही असं वाटत असेल तर तसं सरळ लिहून टाक, म्हणजे मला इथली कामं बाजूला सारून निघायला निमित्त मिळेल. खाली पूर्ण सही कर.

तुझी काळजी वाटते, म्हणून एवढं लिहिलं. माया असू दे.
तुझा धाकटा

९ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

‘तुझी काळजी वाटते’ हे तू लिहिलंस! शेजारणीला वाचून दाखवलं.

घे तर मग खोलीवार. स्वयंपाकघर: पाच ठिकाणी धार. मधली खोली: पलंग तीनदा हलवला, आता हलवायला कोरडी जागा नाही. पुढची खोली: मशीनवर छत्री बांधून शिवते, लोक बघायला येतात. वाशाला बोट लावलं तर बोट आत जातं. आढं वाकलं आहे. काल ओंजळभर माती ताटात पडली. हे घर आता माणसानं राहण्यासारखं उरलेलं नाही.

झालं समाधान? आता तरी निघ. तुझ्यासाठी नवी चादर शिवून ठेवली आहे.

लोभाला गळती लागू नये एवढंच मागते.
तुझी ताई
(खाली पूर्ण सही केली आहे, साहेब.)

२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी एकूण अकरा पत्रं मी वकिलांकडे दिली. ते म्हणाले, इतका सविस्तर आणि तारीखवार पुरावा त्यांनी वीस वर्षांत पाहिला नाही. आप्पांनी ‘राहण्याजोगं आहे तोवर’ असं लिहिलं होतं. ते राहण्याजोगं नाही, हे तूच सहीनिशी लिहून दिलंस. माझं काम सोपं केलंस.

जागेला गिऱ्हाईक गेल्या डिसेंबरातच आलं होतं. तुला महिनाअखेरीपर्यंत वेळ देतो. तुझ्यासाठी एका वृद्धाश्रमाचा अर्ज सोबत जोडला आहे. तिथलं छप्पर मीच केलंय, गळत नाही.

रागावू नकोस. माया असू दे.
तुझा धाकटा

७ ऑगस्ट

धाकट्या,

अरे, घर गळत नाही!

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच मी ते दुरुस्त केलं. सुतारकाका तुला दिलेल्या शब्दाला जागले, त्यांनी बोट लावलं नाही. त्यांनी खाली शिडी धरली आणि मी चढले. ते सांगत गेले, मी करत गेले. पन्हळीतून दोन टोपल्या पाचोळा काढला. कुजलेल्या चार रिपा बदलल्या, कौलं बसवली, आढ्याची चीर बुजवली. गुडघ्यांनी आठ दिवस माझ्याशी अबोला धरला. तेव्हापासून या घरात पाण्याचा थेंब आलेला नाही. पातेलं, छत्री, ताटातली माती, सगळं मी मनचं लिहिलं.

का लिहिलं ते विचार. गळायचं थांबलं असं कळवलं असतं तर तुझी पत्रं थांबली असती. त्याआधीच्या सहा वर्षांत तू मला दोन पत्रं लिहिली होतीस आणि यंदा पाच महिन्यांत नऊ आली. वाटलं, गळतंय म्हणून का होईना, भाऊ विचारतोय. लाज वाटते लिहायला, पण खरं तेच लिहिते.

चूक माझी, कान धरते. पण अभियंता पाठव, कोणालाही पाठव. छप्पर खणखणीत आहे. मला घराबाहेर काढू नकोस रे. पाया पडते.

ताई

१४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू छपरावर चढलीस हे वाचून मी पोट धरून हसलो, बायकोलाही वाचून दाखवलं. काम चांगलं केलं असशील, तुझा हात पहिल्यापासून नेटका.

नगरपालिकेच्या अभियंत्याला सव्वीस तारखेला बोलावलं आहे. त्याआधी एकवीसला माझी सहा माणसं येतील आणि सगळी कौलं उतरवतील. दुरुस्ती करून दे म्हणून तू अकरा वेळा लिहिलं आहेस, भाऊ म्हणून मला नाही कसं म्हणवेल? नव्या रिपा कधी येतील ते मात्र सांगता येत नाही. यंदा मालाची फार टंचाई आहे.

तुझं हे शेवटचं पत्र वकिलांना दाखवलेलं नाही. फाडून टाकलं.

मशीनवर काहीतरी झाकून ठेव. पावसाचा अंदाज आहे. माया असू दे.
तुझा धाकटा

३१ ऑगस्ट

धाकट्या,

तुझी माणसं वेळेवर आली. भली होती बिचारी. कौलं उतरवताना त्यांतल्या म्हाताऱ्यानं विचारलं, या रिपा कोणी ठोकल्या, एवढं पक्कं काम आहे, मग उतरवताय कशाला? मी म्हटलं, मालकांना विचारा.

तेवीसला पाऊस आला. तू कधी न पाहिलेली ती चादर मी मशीनवर घातली, उपयोग झाला नाही. सव्वीसला अभियंता छत्री घेऊन मधल्या खोलीत उभा राहिला आणि दोन मिनिटांत कागद लिहून गेला. त्यात त्यानं काही खोटं लिहिलेलं नाही. मी तुझा तो वृद्धाश्रमाचा अर्ज भरला नाही. जिथे आहे तिथे माझं पोट मी भरते.

तुझा वकील घर सोडल्याचा कागद घेऊन आला होता. सहीच्या आधी त्यानं माझी पत्रं पुढे मांडली, ही तुमचीच ना म्हणून. सगळी अकरा. घडीवर घडी, पाकिटांसकट, एकावर एक, रिबीन बांधलेली. आईनं तुला वसतिगृहात असताना दर आठवड्याला लिहिलं, त्यातलं एक तुझ्याकडे नाही. आप्पांचं शेवटचं पत्र तू गाडीतच विसरलास. माझ्या पत्रांचा कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता.

दोन महिन्यांपूर्वी कोणी येऊन मला सांगितलं असतं, की तुझा भाऊ तुझी पत्रं अशी जपून ठेवतो, तर मी गल्लीभर सांगत सुटले असते.

सही केली आहे. नवा पत्ता कळवत नाही.

ताई