ओनिझाकातल्या मुलीचे पाय

मी, कुरेबायाशी मिसाओ, वय एकसष्ट, धंदा गेम सेंटर चालवणे, राहणार आमागासाकी, बाजारगल्लीच्या छपराखाली, हिनोदे गेम सेंटरच्या वरचा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी फुप्फुसं गेली आहेत, डोकं जागेवर आहे. आयुष्यात एकही सिगारेट ओढली नाही. ओढणाऱ्यांना सुटे पैसे देत त्यांच्या धुरात बसले, एवढंच. मला कोणी फूस लावलेली नाही, धमकावलेलं नाही. जे लिहिते आहे ते रागाने लिहिते आहे हे खरं, पण राग म्हणजे वेड नव्हे, असं वकीलबाईंनीही मान्य केलं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

एक. दुकान, वरचं घर आणि बँकेत जे काही उरेल ते माझ्या भावाची मुलगी सुझुना हिला मिळावं. भाऊ सोडला तर माझं दुसरं कोणी नाही. माझे पती शुहेइ आठ वर्षांपूर्वी वारले आणि आम्हाला मूल नव्हतं. सुझुनाच का, ते शेवटच्या कलमात येईल. तिथवर वाचण्याचा धीर नसेल त्याने इथेच थांबावं.

दोन. माझे थोरले बंधू, सुझुनाचे वडील तादाओमी यांना दुकानातले सगळे पितळी ॲशट्रे द्यावेत. भावाला कायद्याने राखीव वाटा नसतो, हे मी विचारून घेतलं आहे. माझ्या लग्नाच्या जेवणात त्यांनी दोन प्याले चढल्यावर उभं राहून माझ्या किंकाळीची (ती कोणती, ते चौथ्या कलमात) नक्कल केली होती. सासरची मंडळी हसली. शुहेइ हसले नाहीत. ॲशट्रे घासून द्यायची गरज नाही.

तीन. शेजारचे न्हावी मोझुमे यांची शिडी माझ्याकडे आहे, ती परत करावी. साक्षीदाराच्या नावाने काही ठेवू नये असा सल्ला मिळाला आहे, पण शिडी त्यांचीच आहे.

चार. आता मूळ मुद्दा, म्हणजे ‘ओनिझाका’ या खेळाचं मशीन. दारातून आत आल्यावर डाव्या हाताचं तिसरं. त्याच्या कडेला सिगारेटींचे डाग आहेत आणि लोक त्या डागांचेही फोटो काढतात.

हा खेळ शोवा त्रेसष्ट, म्हणजे एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालचा. तो बनवणाऱ्या ओसाकातल्या कंपनीत मी कारकून होते. ती कंपनी पुढे बुडाली, त्याचं मला दुःख नाही. आज चाळिशी-पन्नाशीचे पुरुष लांबून गाड्या बदलत येतात, मशीनपुढे डोळे ओले करतात आणि मला सांगतात, काकू, तेव्हाचे खेळ खरे, ते माणसाला जिद्द शिकवायचे. जिद्द कसली डोंबलाची. ‘ओनिझाका’त गुंड पडद्याच्या बाहेरून पाठीत चाकू मारतो, म्हणजे जो दिसतच नाही त्याच्यापासून वाचायचं. शेवटचा राक्षस तुमचं बटण दाबलं गेलं की ते आधी वाचतो आणि मग हलतो. याला आमच्याकडे पत्त्यात लबाडी म्हणतात. नायक रस्त्यावरची पिंपं फोडतो, त्यातून भाजलेली अख्खी कोंबडी निघते आणि तो ती खातो. मारायला समोर जाडी माणसं, परदेशी माणसं, तोकड्या कपड्यांतल्या बायका, म्हणजे ज्यांना लाथ घातली तर पोरांना हसू यावं अशी माणसं. हे सगळं दिसायला आजही छान आहे, रंग छान आहेत, संगीत तर फारच छान. मला त्याचीच जास्त किळस येते.

आणि मुलगी. सुरुवातीलाच तिच्या पोटात गुद्दा मारतात आणि तांदळाचं पोतं उचलावं तशी खांद्यावर टाकून नेतात. शेवटी नायक तिला सोडवतो, पडद्यावर अभिनंदन म्हणून येतं आणि लगेच खेळ पुन्हा पहिल्यापासून, जरा जास्त कठीण. म्हणजे सुटल्या सुटल्या पुन्हा तोच गुद्दा.

खेळ बाजारात आणण्याआधी एखाद्या गेम सेंटरमध्ये ठेवून पाहायचा रिवाज होता. कंपनीची माणसं खेळणाऱ्याच्या मागे उभी राहून बघत, शंभर येनचं एक नाणं किती वेळ पुरतं. फार वेळ पुरलं की परत जाऊन आणखी एक गुंड घालायचे. ‘ओनिझाका’ची ती चाचणी याच दुकानात झाली, आणि आराखडा करणारे हाचिसुकासान यांनी चहा आणायला म्हणून मला सोबत आणलं होतं. दुकान सासऱ्यांचं होतं. शुहेइ गल्ल्यावर होते. त्या चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, एवढा एक त्या खेळाचा माझ्यावर उपकार म्हणून मांडून ठेवते.

चाचणीत असं दिसलं की नायक मेला की पडद्यावर नऊ, आठ, सात असे आकडे उतरतात, आणि पोरं दुसरं नाणं न टाकता निघून जातात. हाचिसुकासान परतीच्या गाडीत विचार करत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कंपनीच्या मोरीशेजारच्या खोलीत बोलावलं आणि माइकपुढे किंचाळायला सांगितलं. आकडे उतरत असताना मुलगी किंचाळत राहील, म्हणजे पोराला निघून जायची लाज वाटेल. मी किंचाळले. ते म्हणाले, “पुन्हा एकदा. जरा जास्त घाबरून.” मी पुन्हा किंचाळले. मग मी विचारलं की सुटल्यावर ही मुलगी काय बोलते. ते म्हणाले, “ती कशाला बोलेल? तेवढी जागाच नाहीये.”

जागा खरंच नव्हती. मशीनच्या आत खेळ साठवणारा जो बोर्ड असतो त्यात सगळं मोजूनमापून कोंबायचं असे. म्हणूनच त्या मुलीला पायही चितारले नव्हते. उचलून नेताना ती गुंडाच्या खांद्यामागे असते, बांधलेली असते तेव्हा गुडघ्यापासून खाली खोकं आडवं येतं, आणि सुटते तेव्हा नायक तिला उचलूनच घेतो. चालायचंच नाही तर पाय कशाला, असा हिशेब.

खेळ चालला. कोणाच्या खिशातून चालला ते मी गल्ल्यावर बसून पाहिलं आहे. लहान पोरं शेवटचं नाणं हातात घट्ट धरून, त्या किंचाळणाऱ्या मुलीकडे बघत उभी असायची, आणि टाकायची. तो माझा आवाज होता. ही जिद्द नव्हे, ही भीक मागण्याची एक तऱ्हा होती, आणि झोळी माझ्या गळ्याची होती.

पाच. शुहेइंची सोल्डरिंगची सळई, पाने-पकडी आणि हत्यारांची पेटी सुझुनाला. लग्न झाल्यावर मी त्यांना सांगितलं की कोणी खेळत नसतानासुद्धा मशीन मधूनमधून जाहिरातीसारखं किंचाळतं, ते मला सोसत नाही. त्यांनी जिन्याखालून विजेरी आणली, मशीन मागून उघडलं आणि आतलं एक बारीक बटण खाली केलं. तेव्हापासून नाणं पडल्याशिवाय ते मशीन तोंड उघडत नाही. माझ्यासाठी याहून प्रेमाचं काम कोणी केलेलं नाही. ते बटण वर करू नये.

सहा. हाचिसुकासान चाचणीच्या दिवशी नाण्याचा वेळ मोजायचं त्यांचं स्टॉपवॉच इथे विसरले होते, ते त्यांना पाठवावं. ते सध्या व्याख्यानं देत फिरतात असं कळतं. बेरंग पार्सलने, म्हणजे टपालखर्च त्यांच्याच माथी मारून, पाठवलं तरी चालेल.

सात. जुन्या खेळांच्या जतनमंडळाचे अध्यक्ष नुकागासान यांना माझ्या इस्टेटीतलं काहीही मिळू नये. मशीन खेळायचं तर त्यांनी इतरांसारखं नाणं टाकावं.

याचं कारण लिहून ठेवते. त्या काळी कंपन्या खेळाच्या शेवटी खरी नावं येऊ देत नसत, कारण दुसरी कंपनी माणसं पळवेल ही भीती. सगळे टोपणनावांनी यायचे. हाचिसुकासान ‘लोखंडी हत्ती’ होते, संगीतवाला ‘भुकेला बगळा’. सर्वात शेवटी ‘शिरात्सुयु’ असं एक नाव येतं. नुकागासानांनी मंडळाच्या पत्रिकेत पानंच्या पानं लिहून सिद्ध केलं की शिरात्सुयु म्हणजे किंकाळी देणारी नाटकवाली नटी, आणि ती अकाली वारली. दरवर्षी तिच्या नावाने ते या मशीनवर पांढरी फुलं ठेवत. शिरात्सुयु ही हाचिसुकासानांची कुत्री होती. कुत्रीला नाव मिळालं. मला मिळालं नाही.

मी पुष्कळ वर्षं गप्प बसले. पण गेल्या वसंतात ते फुलं घेऊन आले आणि मला समजावू लागले, “काकू, ही साधी किंकाळी नाही. तयार गळा आहे हा. साध्या बाईचं काम नाही.” मी गल्ल्यावर बसल्या बसल्या किंचाळले. तीच, तशीच. शेजारून मोझुमेसान हातात वस्तरा घेऊन धावत आले, त्यांच्यामागे अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक. लोणचंवाल्या उतागावाबाई मुळा हातात धरून दारात उभ्या राहिल्या. नुकागासान पांढरेफटक पडले. मग त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, डोळे पुसले, आणि मला क्षणभर वाटलं की हा माणूस आता माफी मागणार.

त्यांनी फोन काढला. म्हणाले, “पुन्हा एकदा कराल का? रेकॉर्ड करतो. जरा जास्त घाबरून.”

मी उठले आणि म्हणाले, “राहू दे. मी चालत जाते.” आणि जिना चढून वर गेले. मधल्या पायरीवर धाप लागली म्हणून बसावं लागलं. इस्पितळात जायचं ठरलं ते त्यानंतर.

आठ आणि शेवटचं. ‘ओनिझाका’च्या बोर्डावर एक छोटी बॅटरी आहे. नकला होऊ नयेत म्हणून कंपनीने ती अशी बसवली की ती संपली की बोर्ड सगळं विसरतो आणि पडद्यावर नुसते रंगीत ठिपके उरतात. बाकी सगळे बोर्ड असेच मेले. मूळ आराखडे कंपनीने कधीच हरवले. हा बोर्ड जिवंत आहे, कारण जुनी काढण्याआधी दुसरी बॅटरी जोडून मी ती दर काही वर्षांनी बदलत आले. लोकांना वाटतं प्रेमाने. नाही. मेलेल्या खेळाची नुसती स्तुती होते. जिवंत असला की कोणीही नाणं टाकून बघू शकतो तो किती नीच आहे, म्हणून मी तो जगवला.

ज्या नव्या कंपनीकडे आता हक्क आहेत, तिला हा खेळ फोनवर पुन्हा काढायचा आहे आणि त्यासाठी हा बोर्ड हवा आहे. कंपनीचा एक तरुण मिठाईचा खोका घेऊन आला होता. अतिशय नम्र होता. म्हणाला, एकही गोष्ट न बदलता काढू, लोकांना जसाच्या तसा हवा आहे. मिठाई मी उतागावाबाईंना दिली.

इस्पितळातून घरी आले तेव्हा सुझुना भेटायला आली. ती खेळ बनवणाऱ्या कंपनीत चित्रं हलवण्याचं, म्हणजे ॲनिमेशनचं, काम करते. तिला वसंतातली गोष्ट सांगितली. ती हसली, मग हसायची थांबली आणि म्हणाली, “आत्या, तिला पायच नाहीत. ती चालणार कशी?” पुढच्या सुट्टीला ती मुलीचे पाय चितारून घेऊन आली. लाल बूट, जरा मळलेले. चालतानाची सगळी चित्रं, जुन्याच रंगांत. दुपारी शटर अर्धं ओढून तिने फोन माझ्यापुढे धरला आणि मी ते वाक्य म्हटलं. आवाज घोगरा आला, शेवटचा शब्द श्वासातच गेला. सुझुनाने फोन खाली ठेवला. पुन्हा म्हण असं ती म्हणाली नाही. मी थांबले, आणि तरीही ती म्हणाली नाही. सबब, माझं जे काही आहे ते तिचं.

म्हणून माझी अट अशी. बोर्ड सुझुनाच्या ताब्यात राहावा. नव्या कंपनीला तो हवा असेल तर खेळात एवढा एकच बदल करावा. नायक मेला, आकडे उतरले, मुलगी किंचाळली, आणि शून्य आलं तरी कोणी नाणं टाकलं नाही, तर आता पडदा काळा होतो. यापुढे तसं होऊ नये. तिने दोर खाली टाकावा, माझ्या आजच्या आवाजात “राहू दे. मी चालत जाते” म्हणावं, आणि सुझुनाने काढलेल्या पायांनी पडद्याच्या उजव्या कडेने निघून जावं. तिथे दार नाही, हे मला माहीत आहे. तरी जावं. कोणी तिच्या मागे जाऊ नये. शेवटी नावं येतात तिथे माझं नाव पूर्ण आणि खरं लिहावं. कुत्रीचं नाव काढू नये, तिचा काही दोष नव्हता.

कंपनीला हे मान्य नसेल तर सुझुनाने बॅटरी बदलू नये. मग खेळ आपोआप मरेल आणि नुकागासान त्याची जन्मभर स्तुती करतील. ती ऐकायला मी नसेन, एवढा फायदा मला पुरे.

हे मी वाचून पाहिलं. काही खोडायचं नाही.

स्थळ आमागासाकी, हिनोदे गेम सेंटर. रेवा सातवे वर्ष, म्हणजे दोन हजार पंचवीस, अकरावा महिना, तारीख तीन.

(सही व शिक्का) कुरेबायाशी मिसाओ

हस्तलिखिताला साक्षीदार लागत नाहीत असं कळलं. मला लागतात.

साक्षीदार: मोझुमे केन्साकु, न्हावी. मिसाओसान शुद्धीवर आहेत. किंकाळी मी ऐकली आहे. शिडी मिळाली.

साक्षीदार: उतागावा फुमिए, लोणच्यांचं दुकान. मीही ऐकली. सुझुनाने फोनवर ती मुलगी चालताना दाखवली तेव्हा मी तिथे होते. मिसाओसान म्हणाल्या, बूट जरा मोठे वाटतात. सुझुना म्हणाली, तुझ्याच मापाचे आहेत.