चटणी मागितल्यास रागावतो

तुंगकांग बंदर, ३ एप्रिल

मी, त्साय चिन-थू, वय वर्षे एक्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी, माशाच्या गोळ्यांच्या दुकानाचा मालक, पूर्ण शुद्धीवर असून लिहितो की,

चि. युनरू हिस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या जाहिरातीच्या कचेरीकडून माझ्या दुकानाच्या पाटीसाठी दोन मजकूर आले. एक तुझा, दुसरा यंत्राचा, नावे झाकलेली. यंत्राला कौल मिळाल्यास तुझी लेखिकेची खुर्ची जाणार, हे तुझ्या आईकडून समजले. तुला फोन करून विचारावे, असे तुझ्या आजीचे मत पडले. नातीची भाषा न ओळखणारा आजोबा मी नव्हे, असे मी तिला सुनावले.

पहिल्या मजकुरात माझ्या आईचे मायाळू हात, पहाटेचा समुद्र आणि पिढ्यांची ऊब होती. मला रडू आले. सासूबाई सुपारी विकत आणि माशाच्या वासाने नाक दाबत, अशी आठवण आजीने करून दिली. प्रेमाला तपशील विचारू नयेत, असे मी उत्तर दिले.

दुसरा मजकूर उद्धट होता. म्हातारा बोलत नाही. मऊ निघालेला गोळा मांजराला टाकतो. चटणी मागितल्यास रागावतो. तरी रांग असते. इतका निर्दयपणा यंत्रालाच जमतो. पहिल्यावर शिक्का उमटवून कौल धाडला आहे. निर्धास्त असावे.

तुझा अभिमान बाळगणारा,
त्साय चिन-थू

तैपेई, ९ एप्रिल

ती. आजोबांस शि. सा. न. वि. वि.

कौल पोहोचला. निर्धास्त यंत्र झालं. मांजराला गोळा टाकणारा म्हातारा माझा होता.

सगळी कचेरी हसली, मीही हसले. मग जिन्यात जाऊन थोडी रडले. आमचे को साहेब म्हणाले, सख्खा आजोबा ओळखेना, तिथं गिऱ्हाईक काय ओळखणार! पुढच्या महिन्यापासून मी फक्त यंत्राच्या चुका पुसत बसायचं, असं ठरतंय. तुमच्यावर राग नाही. लहानपणी तुमच्या बाकावर बसून जे पाहिलं तेच लिहिलं. मला ते कौतुकच वाटलं होतं.

पणजीबाईंचे हात फार मायाळू होते म्हणे! आजीला विचारून कळवा. रक्तदाबाची गोळी चुकवू नका. माया आहे तशीच ठेवा.

आपली,
यंत्राकडून हरलेली युनरू

तुंगकांग बंदर, २४ एप्रिल

मी, तोच त्साय चिन-थू, वय तेच, शिक्षण तेवढेच, आणि ते कमी पडले असे प्रथमच मान्य करणारा, लिहितो की,

चि. युनरू हिस आशीर्वाद. वि. वि.

यंत्राची पाटी लागताच शहरातल्या बायका माझ्या आईला भेटायला येऊ लागल्या. एकीने तिच्यासाठी संत्री आणली. ती तुझ्या आजीने सासूबाईंच्या वतीने खाल्ली. पुढे शेजारच्या ल्याव न्हाव्याचीही यंत्राने लिहिलेली पाटी आली. त्याच्याही आईचे हात मायाळू निघाले. त्याच्या आईने उभ्या जन्मात कात्री धरली नव्हती.

मी पाटी उतरवली, कौल मागे घेतल्याचे तुझ्या कचेरीला कळवले आणि तुझा मजकूर स्वहस्ते रंगवून टांगला.

आज एका जाडजूड गृहस्थाने चटणी मागितली. चटणीच खायची असेल तर घरी बसून खा, माझा मासा कशाला बाटवतोस, असे मी त्याला खडसावले. रांगेने पाटीकडे बोट दाखवून टाळ्या पिटल्या. गृहस्थही पोट धरून हसला, आणि आपण तुझ्या कचेरीतला को असल्याचे त्याने सांगितले. माझ्या हातातला झारा पडला. माफी मागणे मला शाळेत शिकवलेले नाही. मी त्यांना एक गोळा जास्त वाढला. त्यांनी दुसरा वाडगा मागितला. चटणीशिवाय.

पाटीवरील मजकूर माझ्या नातीचा असून शब्दन् शब्द खरा आहे, असे मी हे लिहून देत आहे. ‘माझ्या नातीचा’ यापुढे ‘व आमच्या लेखिकेचा’ हे शब्द को साहेबांनी स्वतःच्या हाताने वाढवले आहेत.

लोभ ठेवावा, चटणी मागू नये.

त्साय चिन-थू

समक्ष हजर साक्षीदार: पत्नी स्यू-ये, हसू न आवरल्यामुळे सही वाकडी, ल्याव न्हावी, आणि को साहेब, तोंडात गोळा असल्याने केवळ मान हलवून.