बारवी ऑइलचा डिव्हिडंड

३ मार्च १९९४, अंबरनाथ पूर्व
बाळची मनीऑर्डर आली. बस्स, ही शेवटची. आयुष्यभर कॉन्व्हेंटच्या मुलींना इंग्रजी शिकवलं ते मुलापुढे हात पसरायला नव्हे. तेल कंपनीचे शेअर घेणार, डिव्हिडंडवर राहणार. तेलाचा भाव आखातातले शेख ठरवतात, मला विचारून नाही. शेअरही तसाच वरखाली नाचणार. डिव्हिडंड मात्र दरवर्षी हातात पडतो.
हे समोरच्या कुमुदिनीला समजावलं. म्हणते, "मग टीचर, वर्षानुवर्षं डिव्हिडंड देत आलेली जुनी पेट्रोलपंपवाली कंपनी घ्या की." मराठी शाळेत शिकलेली. नजर कायम मागे.

९ मार्च
उल्हासनगरला चंदू ब्रोकरकडे गेले. नवा इश्यू: 'बारवी ऑइल एक्स्ट्रॅक्शन लिमिटेड'. पहिल्याच वर्षी वीस टक्के डिव्हिडंडचा अंदाज! चंदू म्हणाला, "आंटी, पहले पढ़ तो लो." माझ्या इंग्रजीवर शंका? एक्स्ट्रॅक्शन म्हणजे जमिनीतून काढणे. बारवी धरणाखाली तेल लागलं असणार. पेपरवाल्यांना पत्ता नाही.
न वाचता सही केली. सगळा प्रॉव्हिडंट फंड घातला.

११ मार्च
बाळला बडोद्याला फोन. बारवी ऑइल घेतलंय, आता मनीऑर्डर बंद कर म्हटलं. चांगलंच सुनावलं. झोप छान लागली.

१८ सप्टेंबर १९९५
कंपनीने कळवलंय, डिव्हिडंड नाही. कारण? "भाताचा कोंडा महागला." तेलविहिरीत कोंडा कशाला? छपाईची चूक. स्वतः जाऊन जाब विचारणार.
वाण्याला सध्या टाळतेय. तोच उर्मट झालाय.

२० सप्टेंबर
बदलापूरला कारखान्यावर गेले. नको म्हटलं तरी कुमुदिनी बरोबर. गेटवर सखा नावाचा वॉचमन. मी विचारलं, "विहीर कुठे आहे?" म्हणाला, "मागं हाय, पन पानी खारं हाय." मग माझ्या पिशवीकडे बघून, "कोंडा आनलाय का मावशी? कोंड्याचं गेट पल्याड."
आत गोण्याच गोण्या. कोंड्यातून खायचं तेल काढतात. त्यालाही एक्स्ट्रॅक्शनच म्हणतात. इंग्रजी भाषेचा दर्जा घसरलाय.
परतताना रिक्षात कुमुदिनी म्हणाली, "टीचर, तेलाचं राहू द्या. तुमच्या फंडाचं एक्स्ट्रॅक्शन मात्र झालं." रिक्षावालासुद्धा हसला. तिच्याशी बोलणं बंद.

२२ सप्टेंबर
कुमुदिनीकडून साखर आणली. बोलले नाही. वाटी पुढे केली.

२३ सप्टेंबर
बाळला फोन करायचं ठरवलं. मागायचं नाही. फक्त म्हणायचं, तुझी फारच इच्छा असेल तर मनीऑर्डर सुरू कर, मी मन मोडणार नाही.
एसटीडी बूथवर उभ्याने तीन वेळा पाठ केलं. फोन लागला. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "आई, बरं झालं फोन केलास. तुझ्या भरवशावर मीपण बारवी ऑइलचे शेअर घेतले होते. ऑफिसातून कर्ज काढून. आता काय करू?"
मी म्हटलं, "होल्ड कर."
त्याला वाटलं, फोन. तो थांबला. मी शेअरचं म्हणत होते. बूथवाल्याचं मीटर पळत होतं.