दोन थापा, थांबून एक

सोमवार, ३ तारीख
पोचलो एकदाचे! कारखान्याच्या दवाखान्यात नर्सची नोकरी, शिवाय दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आणखी काय हवं? चिमणीने, म्हणजे माझ्या चार वर्षांच्या लेकीने, खिडकीवर हक्क सांगितला, माझ्या बाबांनी आरामखुर्चीवर. उरलेला पसारा माझा. दारावर बाहेरून, गुडघ्याएवढ्या उंचीवर ओरखडे आहेत. आधीच्यांचं कुत्रं असणार.
सुरक्षा अधिकारी नियम सांगून गेले. सलग भोंगा म्हणजे सराव, चढउतार करणारा म्हणजे वायू सुटला. मग पंखा बंद, खिडक्या बंद, फटींना चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल. वायू जड असतो, खाली रेंगाळतो, म्हणून वरच थांबायचं. धोका टळल्याचा भोंगा होईपर्यंत दार उघडायचं नाही. कुणासाठीही.

बुधवार, ५ तारीख
इथे कुणी दार वाजवत नाही. दूधवालासुद्धा जिन्यातून हाक मारतो. बाबांना कमी ऐकू येतं, ते थापच मारतात: दोन, थांबून एक. चिमणी धावत जाऊन स्टुलावर चढते आणि कडी काढते. आजोबा-नातीचा खेळ. शेजारच्या मावशी आज ते ऐकून पांढऱ्याफटक पडल्या. हे बंद करायला सांगा, म्हणाल्या. मी हसण्यावारी नेलं. या वयात बाबा कुणाचं ऐकणार, आणि ऐकू तरी कुठे येतं!

सोमवार, १० तारीख
सकाळी दहाला सरावाचा भोंगा. आम्ही तिघंही घरात. दारावर थाप पडली, एकच, अगदी खालून. उघडलं तर कुणी नाही.
मावशींना खोदून विचारलं. आधी इथे दवाखान्याचा कंपाउंडर राहायचा. वायू सुटला तेव्हा त्याची बायको बाहेर अडकली. त्याने नियम पाळला. ती उभ्याने दार वाजवत राहिली, मग बसून, मग आडवी पडून. तेव्हापासून भोंगा झाला की ती येते, म्हणे.
माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण दुपारी एका रुग्णाला सुई टोचली आणि औषध भरायलाच विसरले होते.

गुरुवार, १३ तारीख
चिमणी दाराच्या फटीशी पालथी पडून टकटक करत होती. दोन, थांबून एक. कुणाला शिकवतेस, विचारलं. काकूंना, म्हणाली. त्यांना अजून येत नाही.
मी तिला रागावले. उगाच.

सोमवार, १७ तारीख
१०.०५ — भोंगा. चढतोय, उतरतोय. सराव नाही हा. फटी बंद केल्या, टॉवेल लावला. चिमणी आतल्या खोलीत. बाबा फिरायला गेलेत आणि कानाचं यंत्र टेबलावर आहे. त्यांना भोंगा ऐकूच येणार नाही. वेळ लिहायची सवय दवाखान्याची, तेवढाच आधार.

१०.१९ — दोन थापा. थांबून एक. बाबा! मी ओरडले, वर गच्चीवर जा. पुन्हा ओरडले. त्यांना कुठे ऐकू येतंय. उघडावं तर चिमणी—

१०.२३ — अजून वाजतंय. आता खालून. बसले असतील. मला नाही सहन होत. तोंडावर ओला रुमाल बांधून फटीएवढं उघडीन, ओढून घेईन. अर्धी पट्टी सोलली—

१०.२६ — फोन. पहारेकरी. बाबा भोंग्याआधीपासून त्याच्याजवळ, कचेरीच्या वरच्या मजल्यावर. मागे त्यांचा खोकला ऐकला मी. त्यांचाच.
मग दाराशी

दोन. थांबून एक.

पट्टी परत चिकटत नाही. दाराला पाठ लावून बसलेय. पाठीला ओरखडे जाणवतात, लाकडाच्या पलीकडून—
चिमणी बाहेर आली. खूश आहे. काकूंना जमलं, म्हणते. स्टूल ओढतेय. नको म्हणायला आवाजच फुटत नाही, अंग हलत नाही, फक्त हा हात— चढली. माझ्या डोक्यावरून कडीला हात पोच